शहापूर ठाणे ते जबलपूर : एका जिल्ह्यातली फौजदारी यंत्रणा

१८ जून २०१७ रोजी लंडनच्या ओव्हल मैदानावर चॅम्पियन्स करंडकाच्या अंतिम सामन्यात पाकिस्तानने भारताला १८० धावांनी हरवले. लगेच मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूर जिल्ह्यात, शहापूर पोलीस ठाण्यात एक गुन्हा दाखल झाला. मोहद गावातल्या काही मुस्लिम तरुणांनी पाकिस्तानच्या विजयाच्या घोषणा दिल्या, फटाके वाजवले, मिठाई वाटली, असा आरोप होता. १५ जणांना अटक झाली. त्यांच्यावर कलम लागले १२४-अ, म्हणजे राजद्रोह, आणि जोडीला १२०-ब, म्हणजे गुन्हेगारी कट. काही दिवसांतच राजद्रोहाचे कलम पोलिसांनीच काढले आणि त्या जागी १५३-अ आले, दोन समाजांत वैर पसरवल्याचे. ज्याच्या नावाने फिर्याद नोंदली होती त्या गावकऱ्याने तर आपण अशी तक्रार दिलीच नाही, असे उघडपणे सांगितले.

तरीही खटला चालला. दोन अल्पवयीन मुले जून २०२२ मध्ये सुटली. बाकीच्यांची निर्दोष मुक्तता बऱ्हाणपूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांनी केली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, सहा वर्षांनी. पुराव्यात काही उरले नव्हते. फिर्यादी आणि सरकारी साक्षीदारांनीही आरोपाला दुजोरा दिला नाही. आरोपींपैकी एकाने २०१९ मध्येच आत्महत्या केली होती.

फौजदारी न्यायव्यवस्था म्हटले की डोळ्यांपुढे पोलीस आणि न्यायाधीश एवढेच येतात. मोहदच्या खटल्याची कागदपत्रे मात्र कितीतरी टेबलांवरून फिरली असणार: ठाणे, न्यायदंडाधिकारी, तुरुंग, सरकारी वकील, बाल न्याय मंडळ. त्यांच्याही आधी संसद, जिने ही कलमे पुस्तकात ठेवली. या सगळ्यांचे साहेब वेगळे, खाती वेगळी, कायदेही वेगळे. ही रचना मुद्दाम केलेली आहे. एकाने लिहिलेले दुसऱ्याने मुकाट्याने पुढे सरकवावे, असे त्यांच्या एकत्र काम करण्यात अपेक्षित नाही. प्रत्येकाने मागच्याचा कागद पुन्हा तपासायचा आहे. ही तपासणी वेळेवर झाली तर माणूस आठवड्यात घरी येतो. उशिरा झाली तर सहा वर्षे जातात.

सुरुवात कायद्यापासून होते. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत फौजदारी कायदा समवर्ती सूचीत आहे, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघेही तो करू शकतात. पोलीस, सार्वजनिक सुव्यवस्था आणि तुरुंग हे विषय मात्र राज्याचे. त्यामुळे कलम दिल्लीत ठरते, ते लावणारा हवालदार भोपाळच्या पगारावर असतो, आणि कलम बरोबर लावले की नाही हे पाहणारा दंडाधिकारी उच्च न्यायालयाच्या देखरेखीखाली असतो.

शहापूर ठाण्यात जी दोन कलमे एकापाठोपाठ वापरली गेली, त्यांचा इतिहास मराठी वाचकाच्या ओळखीचा आहे. भारतीय दंड संहिता १८६० ची. तिच्यात राजद्रोहाचे कलम आले १८७० मध्ये. १८९७ मध्ये ‘केसरी’तल्या मजकुराबद्दल ते लोकमान्य टिळकांवर लावले गेले आणि त्यांना १८ महिन्यांची शिक्षा झाली. पुढच्याच वर्षी, १८९८ मध्ये, सरकारने राजद्रोहाची व्याख्या आणखी रुंद केली आणि त्याच दुरुस्तीतून १५३-अ जन्माला आले. १९०८ मध्ये टिळक पुन्हा १२४-अ खाली दोषी ठरले आणि मंडालेला गेले. मोहदच्या तरुणांवर आधी लागलेले आणि नंतर बदललेले, ही दोन्ही कलमे त्या काळाने घडवली आहेत.

स्वातंत्र्यानंतर दोन ठिकाणी या कलमाला हात लागला, आणि दोन हात उलट दिशांनी ओढणारे होते. १९६२ मध्ये केदारनाथ सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने कलम टिकवले, पण त्याला मर्यादा घातली: हिंसेला चिथावणी किंवा सार्वजनिक अशांततेकडे कल असेल तरच राजद्रोह. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने मात्र हा गुन्हा दखलपात्र केला. तोवर वॉरंटाशिवाय अटक करता येत नव्हती, ती आता ठाणेदाराला करता येऊ लागली. संहितेच्या शेवटी जोडलेल्या तक्त्यातला हा बदल. संसदेत त्याचा फारसा गाजावाजा झाला नसेल, पण गावपातळीवर ठाण्याच्या हाती केवढी ताकद आली ते मोहदने दाखवले.

११ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने १२४-अ चा वापर स्थगित ठेवला. मग संपूर्ण दंड संहिताच बदलली. ऑगस्ट २०२३ मध्ये तीन विधेयके लोकसभेत आली, गृह खात्याच्या संसदीय स्थायी समितीकडे गेली, मागे घेतली गेली, सुधारून पुन्हा आली, २० आणि २१ डिसेंबरला दोन्ही सभागृहांत मंजूर झाली आणि १ जुलै २०२४ पासून लागू झाली. भारतीय न्याय संहितेत ‘राजद्रोह’ हा शब्द नाही. पण कलम १५२ आहे, देशाचे सार्वभौमत्व आणि एकता धोक्यात आणणाऱ्या कृत्यांसाठी, आणि त्याची कमाल शिक्षा जन्मठेपच आहे. १५३-अ चे काम आता कलम १९६ करते.

कायदा लिहिणाऱ्याला प्रत्यक्ष आरोपी दिसत नाही. तो दिसतो ठाण्यात, आणि तिथे पहिल्या रात्री जे कलम लिहिले जाते त्यावर पुढचे जवळजवळ सगळे ठरते. मोहदमध्ये १२४-अ च्या जागी १५३-अ आल्याने काय काय बदलले ते पाहण्यासारखे आहे. राजद्रोहाला जन्मठेपेपर्यंत शिक्षा, म्हणून खटला सत्र न्यायालयात चालणार. १५३-अ ला तीन वर्षांपर्यंत, म्हणून तो प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे. पहिल्यात आरोपी कोठडीत असताना दोषारोपपत्रासाठी, तिकडच्या भाषेत चालानासाठी, पोलिसांना ९० दिवस; दुसऱ्यात ६०. त्या मुदतीत चालान आले नाही तर आरोपीला जामिनाचा हक्क मिळतो. शिवाय सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या अर्नेश कुमार निकालाप्रमाणे सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात अटक आपोआप करायची नसते. अटक का गरजेची आहे याची कारणे पोलिसांनी लिहून द्यायची आणि दंडाधिकाऱ्यांनी ती तपासायची. राजद्रोहाचे कलम लागले की ही अट लागूच होत नव्हती. कलम हलके झाले ते अटकेनंतर. पहिल्या रात्री १५३-अ च लिहिले असते तर पंधराच्या पंधरा जणांना उचलण्यापूर्वी ठाण्याला प्रत्येकाचे कारण कागदावर मांडावे लागले असते.

दंडाधिकाऱ्यांपुढची पहिली हजेरी ही या व्यवस्थेतली सर्वांत मोलाची आणि सर्वांत घाईत उरकली जाणारी पायरी. राज्यघटनेचे कलम २२ सांगते की अटक झालेल्याला प्रवासाचा वेळ वगळून २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांसमोर उभे करायचे. पोलीस सोबत रिमांडचा अर्ज आणि केस डायरी आणतात. डायरी आरोपीच्या वकिलाला दाखवत नाहीत, दंडाधिकारी ती वाचू शकतात. त्या काही मिनिटांत त्यांनी बघायचे असते की अंगावर मारहाणीच्या खुणा आहेत का, घरच्यांना कळवले का, वकील आहे का, आणि डायरीतल्या हकिकतीतून लावलेले कलम खरोखर निघते का. वकील नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने द्यायचा. मोफत वकील मिळणे हा आरोपीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, हॉस्कॉट खटल्यात, ठामपणे सांगितले होते.

मोहदच्या तरुणांना खंडव्याच्या तुरुंगात ठेवले गेले. बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला १५ ऑगस्ट २००३ ला, त्याआधी तो खंडव्याचाच, म्हणजे पूर्व निमाडचा, भाग होता. खंडव्याच्या तुरुंगाचे नाव निमाडात टंट्या भिल्लामुळे घरोघरी ठाऊक आहे. १८७८ मध्ये तो तिथून निसटला आणि पुढे अकरा वर्षे इंग्रजांच्या हाती लागला नाही. ४ डिसेंबर १८८९ ला त्याला जबलपूरला फाशी दिले. आज भारतातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांपैकी तीन जण दोषी ठरलेले नसतात, खटला सुरू व्हायची किंवा संपायची वाट पाहत असतात. तुरुंग अधीक्षकाच्या हाती त्यांना सोडणे नसते. तो फक्त न्यायालयाचे वॉरंट पाळतो. म्हणून जामिनाचा हुकूम झाल्यावर तो कागद तुरुंगाच्या दारापर्यंत किती वेळात पोचतो, हेही एखाद्याच्या स्वातंत्र्याच्या हिशेबात धरावे लागते.

ठाणे आणि न्यायालय यांच्यामध्ये आणखी एक माणूस असतो, ज्याच्याकडे बातम्यांचे लक्ष जात नाही: सरकारी वकील. मध्य प्रदेशात दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात सरकारची बाजू मांडणाऱ्याला सगळे एडीपीओ म्हणून ओळखतात, सहायक जिल्हा लोक अभियोजन अधिकारी. जुन्या काळी हे काम पोलीस अधिकारीच करत. विधी आयोगाने यावर टीका केली आणि १९७३ च्या संहितेने अभियोजन पोलिसांपासून वेगळे केले. ज्याने तपास केला त्यानेच खटला चालवला तर तपासातल्या चुका त्याला दिसत नाहीत, असा त्यामागचा विचार. सरकारी वकिलाचे काम शिक्षा मिळवणे नसून न्यायालयापुढे सगळी वस्तुस्थिती ठेवणे आहे. खटला पुढे नेण्यासारखा नसेल तर न्यायालयाच्या परवानगीने तो मागे घेण्याचा अधिकारही कायद्याने त्याला दिला आहे. हा अधिकार फार क्वचित वापरला जातो, आणि हे या व्यवस्थेचे मोठे दुखणे आहे.

१२४-अ आणि १५३-अ सारख्या गुन्ह्यांत कायद्याने आणखी एक फाटक ठेवले आहे. केंद्र किंवा राज्य सरकारच्या पूर्वमंजुरीशिवाय न्यायालय त्यांची दखलच घेऊ शकत नाही. भाषणाच्या, घोषणेच्या आरोपावर कोणीही कोणालाही न्यायालयात खेचू नये, मोठ्या अधिकाऱ्याने आधी कागद वाचावा, म्हणून ही सोय. शस्त्र कायद्यात हेच काम जिल्हा दंडाधिकाऱ्याकडे, म्हणजे कलेक्टरकडे आहे. विनापरवाना शस्त्र बाळगल्याचा खटला त्याच्या मंजुरीशिवाय उभा राहत नाही.

बऱ्हाणपूरला ही मंजुरी नित्याची आहे. खकनार तालुक्यातले पाचोरी गाव देशी पिस्तुलांसाठी अनेक राज्यांच्या पोलिसांना माहीत आहे. दिल्लीचे, पंजाबचे पोलीस माग काढत तिथवर आले आहेत. पिस्तूल सापडले दिल्लीत, बनवले पाचोरीत, गाडी गेली महाराष्ट्रातून, असा मामला असला की तीन राज्यांच्या यंत्रणा एका फाइलीत येतात. बाहेरचे पथक आधी स्थानिक ठाण्यात नोंद करते, आरोपीला जवळच्या दंडाधिकाऱ्यांपुढे नेऊन प्रवासापुरती कोठडी मागते आणि मगच घेऊन जाते. रावेर, मुक्ताईनगर, धारणी ही महाराष्ट्रातली गावे इथून हाकेच्या अंतरावर. चोरी एका राज्यात आणि फिर्यादी दुसऱ्या राज्यात, हे सीमेवर नेहमीचे. पूर्वी ‘आमची हद्द नाही’ म्हणून माणसाला परत पाठवले जायचे. तीन नव्या कायद्यांपैकी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने गुन्हा कुठेही घडला असला तरी पहिल्या ठाण्याने तो नोंदवून घ्यावा, असे स्पष्ट लिहिले आहे.

पोलिसांचे काम किती धोक्याचे असू शकते, हेही याच जिल्ह्याने पाहिले. एप्रिल २०२३ मध्ये जंगलातल्या अतिक्रमणावरून तणाव असताना जमावाने नेपानगर ठाण्यावर हल्ला करून कोठडीतले तीन आरोपी सोडवून नेले. वनखाते हीसुद्धा इथली एक फौजदारी यंत्रणाच. १९२७ च्या भारतीय वन कायद्याखाली त्याचे अधिकारी अटक करतात, जप्ती करतात, न्यायालयात प्रकरण नेतात.

आणि या जंगलाच्याच वादातून बऱ्हाणपूरचे दुसरे महत्त्वाचे प्रकरण उभे राहिले. अंतराम आवासे हे जागृत आदिवासी दलित संघटनेचे कार्यकर्ते. २३ जानेवारी २०२४ रोजी कलेक्टरांनी १९९० च्या राज्य सुरक्षा कायद्याखाली त्यांना वर्षभरासाठी जिलाबदर केले, आपल्याकडची तडीपारी. अशा हुकमाला खटला लागत नाही, साक्षीपुरावा न्यायालयात तपासला जात नाही. कलेक्टर हा कार्यकारी दंडाधिकारी असतो आणि पोलीस अधीक्षकाच्या अहवालावर तो निर्णय घेतो. म्हणजे तक्रार करणारे आणि निकाल देणारे दोघेही शासनाचेच. अपील इंदूरच्या विभागीय आयुक्तांकडे जाते. तेही शासनच. तिथे दाद मिळाली नाही.

आवासे उच्च न्यायालयात गेले. इथे नकाशा पाहावा लागतो. महसुलाच्या कामाला बऱ्हाणपूर इंदूर विभागात, पण उच्च न्यायालयासाठी मात्र जबलपूरच्या मुख्य पीठाकडे, कारण इंदूर खंडपीठाचे जिल्हे ठरले तेव्हा पूर्व निमाड त्यात नव्हता. इंदूर निम्म्याहून जवळ असताना जंगलातल्या माणसाला न्याय मागायला सुमारे पाचशे किलोमीटर जावे लागते. जानेवारी २०२५ मध्ये न्यायमूर्ती विवेक अग्रवाल यांनी जिलाबदरीचा हुकूम रद्द केला. कायद्याने ठरवलेल्या अटी पूर्ण होत नाहीत, साक्षीदार पुढे यायला घाबरतात असे दाखवणारा पुरावाच नाही, असे त्यांनी नोंदवले. ५० हजार रुपयांचा खर्च लावला आणि राजकीय दबावाखाली असे हुकूम काढू नयेत हे जिल्हा दंडाधिकाऱ्यांना समजावून द्यावे, असे मुख्य सचिवांना बजावले. वर्षभराच्या हुकमाविरुद्ध निकाल आला तेव्हा वर्ष जवळजवळ संपले होते.

आता समजा गुन्हा सिद्ध झाला. तिथे यंत्रणेचे शेवटचे आणि सर्वांत विसरले गेलेले खाते येते: प्रोबेशन, सरकारी भाषेत परिवीक्षा. या बाबतीत बऱ्हाणपूरचा भाग मागे नव्हता. तो ज्या मध्य प्रांत व वऱ्हाडात होता, तिथे १९३६ मध्येच प्रोबेशनचा कायदा झाला, मुंबई इलाख्याच्या दोन वर्षे आधी. सबंध देशासाठीचा कायदा आला १९५८ मध्ये, आणि तो आजही तसाच लागू आहे.

बऱ्हाणपूर यंत्रमागाचे गाव आहे. समजा, मागावर काम करणाऱ्या वीस वर्षांच्या पोराने मालकाच्या गोदामातून सुताच्या पेट्या उचलल्या आणि तो पकडला गेला. चोरी सिद्ध झाली. १९५८ च्या कायद्याचे कलम ६ सांगते की २१ वर्षांखालच्या आरोपीला, जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर, सहसा तुरुंगात पाठवायचे नाही. पाठवायचेच असेल तर न्यायालयाने आधी प्रोबेशन अधिकाऱ्याचा अहवाल मागवायचा आणि कारणे लिहायची. तो अधिकारी पोराच्या घरी जातो. घरात कमावते कोण, दारू आहे का, शाळा कधी सुटली, कारखान्यात त्याच्याबद्दल काय बोलतात, चोरी का केली, हे विचारतो. अहवाल बरा असेल तर न्यायालय शिक्षा न सुनावता तीन वर्षांपर्यंतच्या चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते आणि त्या काळात अधिकाऱ्याची देखरेख ठेवू शकते. अट मोडली तर त्याला परत बोलावून शिक्षा देता येते. कलम १२ तर पुढे जाऊन सांगते की अशा माणसाला दोषसिद्धीमुळे येणारी अपात्रता लागणार नाही. नोकरीचे दार त्याला बंद होऊ नये, हा हेतू.

१ जुलै २०२४ पासून यात समाजसेवेची शिक्षाही जमा झाली. ५ हजार रुपयांपेक्षा कमी किमतीची पहिलीच चोरी, माल परत केला असेल तर, दारू पिऊन सार्वजनिक ठिकाणी गोंधळ, अब्रुनुकसानी, अशा मोजक्या गुन्ह्यांना न्यायाधीश बिनपगारी लोकोपयोगी काम सांगू शकतात. कागदावर ही तरतूद उत्तम आहे. पण ते काम कुठे करायचे, हजेरी कोण घेणार, कमी भरल्यास न्यायालयाला कोण कळवणार, हे जिल्ह्यात ठरले तरच ती चालेल, आणि त्यासाठी प्रोबेशन अधिकारी लागतात. कागदावरचा अधिकारी चालत नाही. पोराच्या घरी पायी जाणारा लागतो.

बऱ्हाणपूरला, खंडव्याला, जळगावला फौजदारी वकिली करणाऱ्या प्रत्येकाला म्हणून एक विनंती करावीशी वाटते. पक्षकार २१ वर्षांखालचा असेल तर शिक्षेच्या दिवशी कलम ६ खाली अहवाल मागवण्याचा अर्ज न चुकता द्या. तो मागवणे हा आरोपीवर उपकार नाही. आणि ज्या घरातले माणूस आज कोठडीत आहे, त्यांनी दोन गोष्टी लगेच कराव्यात. फिर्यादीला एफआयआरची प्रत ठाण्यातून मोफत मिळते. आरोपीच्या घरच्यांनी ती पोलिसांच्या संकेतस्थळावर पाहावी किंवा न्यायालयातून मागावी, आणि त्यातले कलम कोणाकडून तरी नीट समजून घ्यावे. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत क्रमांक १५१०० फिरवावा.